घरी गाणं ऐकण्यासाठी स्ट्रीमर आणि ॲक्टिव्ह स्पीकर: घेतलेल्यांनी अनुभव सांगा

काळी एक (सिंहगड रस्ता)

बाबांचा जुना कॅसेट-सीडी डेक गेल्या महिन्यात गेला. पुण्यातल्या तपकीर गल्लीत दोन ठिकाणी दाखवला. एकाने हेड मिळणार नाही म्हणून सांगितलं. दुसऱ्याने नुसतं झाकण उघडून बंद केलं आणि "ठेवा आठवण म्हणून" म्हणाला. तेव्हापासून बाबा मोबाइल तांब्यात उभा करून गाणं ऐकतात. आवाज मोठा येतो हे खरं, पण सगळे गवई विहिरीत बसून गात असल्यासारखे वाटतात.

घरात शंभरेक सीडी आहेत, त्या मी रिप करून, म्हणजे कॉम्प्युटरवर उतरवून, आवाजाचा दर्जा न घटवणाऱ्या फ्लॅक फायलींमध्ये ठेवल्या आहेत. अलूरकर म्युझिक हाउसच्या वगैरे कॅसेटी दोन ट्रंका भरून आहेत, त्यांचं काय करायचं ते नंतर बघू. सध्या वायफायवरून गाणं वाजवणारा एक छोटा डबा (स्ट्रीमर) आणि ज्यांच्या पोटातच ॲम्प आहे असे दोन स्पीकर घ्यायचे आहेत. बजेट सगळं मिळून तीस हजार. हॉल १० बाय १४. बाबा ७४ वर्षांचे, चष्मा शोधून ॲप उघडणार नाहीत.

फीचरची यादी नको, ती खोक्यावर छापलेली असते. घेतल्यावर सहा महिन्यांनी काय खुपलं, ते सांगा.

पेटीवाली (कोथरूड)

मी सांगते काय खुपलं. माझे पहिले स्पीकर झोपायचे. कंपनीचं नाव घेत नाही, कारण हा रोग बऱ्याच जणांना आहे.

रात्री साडेदहाला सासूबाई झोपल्या की मी आवाज बारीक करून विलंबित ख्याल लावायची. तानपुरा, मग सावकाश आलापी. दहा-पंधरा मिनिटांनी स्पीकरमधून 'टक्' असा आवाज यायचा आणि सगळं शांत. आधी वाटलं इंटरनेट गेलं. पण स्ट्रीमरवर गाणं पुढे चाललेलं! मग बुवा जरा चढले, डग्ग्यावर जोरात थाप पडली, की पुन्हा 'टक्' आणि गाणं हजर. मधली अख्खी बढत गिळलेली.

झालेलं असं, की वीज वाचवायला या स्पीकरमध्ये आपोआप झोपायची सोय असते. आत येणारा सिग्नल बराच वेळ ठरावीक पातळीच्या खाली राहिला की त्याला वाटतं घरात कोणी नाही. रॉक ऐकणाऱ्याला हे आयुष्यात कळणार नाही, आलापी ऐकणाऱ्याला पहिल्याच आठवड्यात कळतं. माझ्यापुरता उपाय सापडला: स्ट्रीमरचा आवाज पूर्ण वर ठेवायचा आणि कमी-जास्त स्पीकरच्या बटणाने करायचा. म्हणजे सिग्नल तगडा जातो. काही स्पीकरना ही झोप बंद करायचा खटका मागेच असतो. दुकानात सगळ्यात आधी तोच विचारा.

वायरवेडा (बाणेर)

@पेटीवाली, हे सोन्याच्या अक्षरात लिहून ठेवण्यासारखं आहे.

दुकानदार 'ॲक्टिव्ह' आणि 'पॉवर्ड' एकाच दमात बोलतात, पण फरक आहे. पॉवर्डमध्ये ॲम्प एकाच डब्यात असतो आणि दुसऱ्या डब्याला साधी स्पीकर वायर जाते. खऱ्या ॲक्टिव्हमध्ये वूफर (खालचे स्वर देणारा) आणि ट्वीटर (वरचे स्वर देणारा) यांची वाटणी ॲम्पच्या आधीच होते आणि दोघांना स्वतंत्र ॲम्प असतो. एडिफायरचे आर१२८०डीबी हे पहिल्या जातीचे: ४ इंची वूफर, ऑप्टिकल इनपुट (प्रकाशावर चालणाऱ्या वायरीसाठी), हातात रिमोट. यामाहाचे एचएस५ दुसऱ्या जातीचे: ५ इंची, वूफरला ४५ वॉट आणि ट्वीटरला २५ वॉटचा वेगळा ॲम्प, पण रिमोट नाही आणि आरसीएची (नेहमीची लाल-पांढरी) भोकंही नाहीत, वेगळी केबल लागते. बाबांसाठी पहिली जात बघा. दुसरी जास्त खरी वाजते, पण दर वेळी उठावं लागतं.

आता तुमच्या आयडीवरूनच बोलतो. काळी एकचा, म्हणजे पेटीच्या पहिल्या काळ्या पट्टीचा, षड्ज साधारण १३९ हर्ट्झ. तानपुऱ्याची खर्जाची तार त्याच्या खालच्या सप्तकात, म्हणजे ६९च्या आसपास. ४ इंची वूफर नेमका तिथेच मान टाकायला लागतो. तरी खर्ज ऐकू येतो, कारण त्या तारेचे वरचे स्वर, १३९, २०८ वगैरे, स्पीकर नीट देतो आणि खालचा स्वर कान स्वतः भरून काढतो. डग्ग्याच्या बाबतीत कान इतका उदार होत नाही. हात घासून घिस्सा मारल्यावर पोटात जे हलतं, ते ४ इंचीत हलत नाही. बायकांचं गाणं, पांढरी पाच वगैरे, ऐकत असाल तर खर्ज ९८वर येतो आणि छोट्या स्पीकरचं काही अडत नाही. पखवाज ऐकणाऱ्याने मात्र ५ इंचीच्या खाली जाऊ नये, हे माझं ठाम मत.

वाड्यातला (शनिवार पेठ)

माझा खटाटोप स्वस्तातला. रास्पबेरी पाय झिरो २ डब्ल्यू हा इवलासा कॉम्प्युटर, त्याच्या डोक्यावर बसणारं, डिजिटल गाण्याचा आवाज करणारं डॅकचं छोटं कार्ड, आणि आत मूड नावाचं फुकट सॉफ्टवेअर. सगळं मिळून पाच हजारांच्या आत झालं. आवाज उत्तम, कोणी काही म्हणो. पण पायच्या नादी लागायचं तर डॅकच्या कार्डासाठी पैसे ठेवाच. झिरोला ऑडिओचं भोकच नसतं, आणि जुन्या मोठ्या पायना असतं त्यातला आवाज ऐकवत नाही.

खुपलं काय? लाइट. आमच्याकडे दुरुस्तीसाठी लाइट जाते तेव्हा आधी सांगून जाते. तशी ती आधीमधी न सांगताही जाते, आणि तेव्हा पाय नेमका काहीतरी लिहीत असतो. वर्षात दोन मेमरी कार्डं मेली. दुसऱ्या वेळी गाण्यांची यादी पुन्हा बांधताना बायकोने विचारलं, "तुला गाणं ऐकायचंय की दुरुस्ती करायची आहे?" मग मूडऐवजी पायकोअरप्लेअर नावाचं सॉफ्टवेअर टाकलं. ते चालू होताना सगळं रॅममध्ये घेतं, मधेच वीज गेली तरी कार्डाला धक्का नाही. आता दीड वर्ष झालं, हात लावलेला नाही.

अवांतर: वाड्याच्या भिंती दीड हात जाड. वायफाय माजघरापर्यंत पोचता पोचता दमतं. शेवटी दाराच्या चौकटीवरून लॅनची, म्हणजे राऊटरपासून थेट येणारी, वायर ओढली आणि गाणं अडकायचं थांबलं. तुमच्याकडे राऊटर आणि स्पीकर एकाच खोलीत असतील तर प्रश्नच नाही. नसतील तर लॅनचं भोक असलेलाच डबा घ्या.

सुरमई (औंध)

हे सगळं वाचून काळी एक पळून जातील! आमच्याकडे विम मिनी नावाचा स्ट्रीमर आहे, साडेनऊ हजारांना पडला. खोकं आलं तेव्हा आई म्हणाली, "भांड्यांचा साबण कुरियरने मागवलास?" मिनीला लॅन नाही, पण फ्लॅटमध्ये काही अडलं नाही.

आधी मी नुसता ब्लूटूथ स्पीकर वापरायचे. गणपतीत आरतीनंतर पाहुण्यांसाठी नाट्यगीत लावलं होतं, आणि ऐन तानेत माझा फोन वाजला. स्पीकरवर, घरभर. उचलला तर मैत्रीण गुरुजींच्या दक्षिणेबद्दल बोलायला लागली, आणि गुरुजी समोर बसून प्रसाद खात होते. ब्लूटूथमध्ये गाणं फोनमधून जातं, म्हणून फोनचं सगळंच जातं. स्ट्रीमरला फोन फक्त 'हे वाजव' एवढं सांगतो, पुढे डबा स्वतः इंटरनेटवरून गाणं आणतो. फोन खिशात घालून भाजी आणायला गेलात तरी घरी गाणं चालू. पण ॲपलच्या एअरप्लेने पाठवलंत तर ते पुन्हा फोनमधूनच जातं, तेवढं लक्षात ठेवा.

बाबांसाठी: विमला रिमोट मिळतो आणि त्यावर प्रीसेटची, म्हणजे आधी ठरवून ठेवलेलं लावायची, बटणं असतात. आईच्या पहिल्या बटणावर आकाशवाणीचं 'रागम्' आहे, २०१६च्या प्रजासत्ताक दिनी सुरू झालेलं चोवीस तास शास्त्रीय संगीताचं केंद्र. दुसऱ्यावर नाट्यगीतांची यादी. तिसऱ्यावर काय आहे ते तिलाही माहीत नाही आणि मलाही.

तांत्रिक नाही (सहकारनगर)

मुलाच्या सांगण्यावरून स्टुडिओचे मॉनिटर स्पीकर घेतले, ५ इंची. गाणं इतकं स्वच्छ की तंबोऱ्याची जवारी (तारेचा झणकार) वेगळी ऐकू आली. पण गाणं नसताना दोन्हीतून बारीक 'स्स्स' येत राहतो, कढईत फोडणी थंड होत असल्यासारखा. दुकानात गलबल्यात हे कळलं नाही. चार हात लांब बसलं तर येत नाही, पण माझी खुर्ची दोन हातांवर आहे. शिवाय दोन्हीला वेगळी प्लग, वेगळी बटणं, तीही पाठीमागे. आता एका खटक्याच्या एक्स्टेंशन बोर्डवर दोन्ही टाकले आहेत.

शॉक (हडपसर)

'घुर्रर्र' आवाज येत असेल तर स्पीकरला शिव्या देण्याआधी टीव्हीच्या सेटटॉप बॉक्सची केबल काढून बघा. माझा घुर्र त्याच क्षणी थांबला. टीव्ही ते स्पीकर ऑप्टिकल वायर टाकली, तीनशे रुपये, विषय संपला. तिच्यातून प्रकाश जातो, अर्थिंगचा करंट जात नाही. प्लगची तिसरी पिन मोडून घुर्र घालवणारे महाभाग आहेत. तसलं काही करू नका, ती पिन तुमच्या जिवासाठी असते.

बैठक (नवी पेठ)

सगळे डब्यांबद्दल लिहीत आहेत, खोलीबद्दल कोणीच नाही. हॉलमध्ये मध्यभागी उभं राहून एक टाळी वाजवा. 'टर्र्र' असं मागे काही आलं, तर तीस हजारांतले दहा वाचवा आणि आधी जमिनीवर काहीतरी घाला. आमच्याकडे व्हिट्रिफाइड फरशी, एक अख्खी काचेची खिडकी आणि कोऱ्या भिंती. सरोद लावला तर ऑफिसातला शिपाई पत्रा बडवतोय असं वाटायचं. खाली सतरंजी घातली, खिडकीला जाड पडदा लावला, समोरच्या भिंतीला पुस्तकांचं कपाट सरकवलं. स्पीकर तेच, पण घरात दुसराच सरोद आला.

दुसरं, स्पीकर कोपऱ्यात कोंबू नका. कोपऱ्यात खालचे स्वर फुगतात आणि तबला गोणीत घालून वाजवल्यासारखा येतो. स्पीकरच्या मागे हवेचं भोक असेल तर भिंतीपासून वीतभर तरी पुढे ओढा.

तिसरं आमच्यासारख्या खाली बसणाऱ्यांसाठी. ट्वीटर कानाच्या पातळीवर हवा असं सगळीकडे लिहिलेलं असतं, ते खुर्चीवाल्यांसाठी. मी गादीवर लोडाला टेकून ऐकतो, कान जमिनीपासून जेमतेम अडीच फुटांवर. स्पीकर टीव्हीच्या कपाटावर होते, सगळी झिलई डोक्यावरून जायची. शेवटी आजीचे दोन शिसवी पाट काढले, त्यावर स्पीकर ठेवले आणि पुढच्या बाजूला रबराचे तुकडे सारून तोंड जरा वर केलं. तेव्हा कळलं की गवई समोर बसलाय आणि पेटी त्याच्या डावीकडे आहे. पाटावर जेवायला बसायचं म्हटलं की आता स्पीकर उचलावे लागतात, पण तसं वर्षातून दोनदाच होतं.

फुकटा (वारजे)

जुना अँड्रॉइड फोन, चार्जरला लावून, ऑक्स केबल. झाला स्ट्रीमर. आत सिमकार्ड ठेवू नका म्हणजे सुरमईताईंसारखं होणार नाही.

पेटीवाली (कोथरूड)

@फुकटा, काही दिवसांपुरतं ठीक. चार्जिंगला असताना त्यातही घुर्र येते कधीकधी.

एक राहिलं: गॅपलेस. सीडीवर विलंबित एक ट्रॅक आणि द्रुत दुसरा असतो, मधे तबला चालूच असतो. काही डबे आणि काही ॲप त्या सांध्यावर क्षणभर थांबतात. लय सुरू आहे आणि मधेच पायरी चुकल्यासारखं होतं. घ्यायच्या आधी अशी एक सीडी लावून सांधा ऐकाच.

वायरवेडा (बाणेर)

आणि टायडल, कोबझ यांच्या नावांनी हुरळून जाऊ नका, गाणी ऐकवणाऱ्या त्या सेवा भारतात अधिकृतपणे मिळत नाहीत. ॲपल म्युझिकवर २०२१पासून लॉसलेस (दर्जा न घटवलेला आवाज) वेगळे पैसे न घेता आहे. तुमच्या सीडींची फ्लॅक १६ बिट, ४४.१ किलोहर्ट्झ, म्हणजे सीडीच्याच दर्जाची, ती तर घरातच आहे. शास्त्रीयच्या बाबतीत बिटांपेक्षा नावांचा घोळ मोठा. मारवा एकीकडे 'डब्ल्यू'ने, दुसरीकडे 'व्ही'ने, आणि तबल्याच्या साथीदाराचं नाव कुठेच नाही. आपल्या फायलींना आपण नीट नावं दिलेली बरी.

काळी एक (सिंहगड रस्ता)

सगळ्यांचे आभार. काल घेतलं: ४ इंची पॉवर्ड जोडी, मागे झोप बंद करायचा खटका असलेली (दुकानदाराला तो कुठे आहे ते मी दाखवलं), आणि लॅन असलेला स्ट्रीमर. सव्वातीन हजार बजेटच्या वर गेलो. टाळी वाजवून बघितली, 'टर्र्र' आलंच. सतरंजी माळ्यावरून काढली आहे.

बाबांना प्रीसेट एक आणि दोन शिकवले. ते रिमोट हातात धरून दहा मिनिटं ऐकत बसले, मग म्हणाले, "हे ठीक आहे. पण ट्रंकेतलं यात कसं घालणार?" ट्रंकेत त्यांनी स्वतः रेडिओवरून टेप केलेल्या चाळीसेक कॅसेटी आहेत, त्या कुठल्याच ॲपवर मिळणार नाहीत. तर आता नवीन प्रश्न: पुण्यात कोणाकडे चालू स्थितीतला डेक आहे का? एखादा रविवार पुरेल.

बैठक (नवी पेठ)

आहे. गेल्याच वर्षी पट्टा बदललाय. हेड स्पिरिटने पुसून ठेवतो, लॅपटॉपला जोडायची वायरही आहे. कॅसेटी गाडीच्या डिकीत उन्हात ठेवून आणू नका, आणि चाळीस एका रविवारात होणार नाहीत. ९० मिनिटांची कॅसेट डिजिटल करायला ९० मिनिटंच लागतात. बाबांनाही घेऊन या, लोड दोन आहेत.