जीएसएल बसली, पण प्रोग्रॅमला सापडत नाही

प्रश्न: फेडोरा लिनक्सवर जीएसएल (गणिती आकडेमोडीची सी लायब्ररी) २.७.१ सोर्सवरून बसवली. कॉन्फिगर, मेक, सुडो मेक इन्स्टॉल, सगळं विनातक्रार. प्रोग्रॅम कंपाइल होतो, पण चालवला की 'लिबजीएसएल.एसओ.२७ उघडता येत नाही'. फाइल तर /यूएसआर/लोकल/लिबमध्ये समोर दिसतेय!

उत्तर १: कंपाइल करताना लिंकर (प्रोग्रॅमला लायब्ररी जोडणारा) ते फोल्डर बघतो, चालवताना लोडर (लायब्ररी मेमरीत आणणारा) बघत नाही. वेगळं काही सांगितलं नाही तर तो स्वतःची कॅशे आणि ठरावीक फोल्डर एवढंच चाळतो. /ईटीसी/एलडी.एसओ.कॉन्फ.डी मध्ये लोकल.कॉन्फ नावाची फाइल करा, आत तो पाथ एका ओळीत लिहा, मग सुडो एलडीकॉन्फिग, म्हणजे ती कॅशे नव्याने बनते. नंतर प्रोग्रॅमवर एलडीडी चालवा, कोणती लायब्ररी कुठे सापडली ते तो दाखवतो. 'नॉट फाउंड' गेलं पाहिजे.

उत्तर २: उबुंटूवर हा पाथ आधीच नोंदवलेला असतो, तिथे नुसतं एलडीकॉन्फिग पुरतं. एलडी_लायब्ररी_पाथ (लोडरला जादा फोल्डर सांगणारं व्हेरिएबल) बॅशआरसीत, म्हणजे शेलच्या सेटिंग फाइलमध्ये, कोंबू नका, त्या शेलमधून चालणाऱ्या सगळ्याच प्रोग्रॅमना ते लागू होतं. आणि सोर्सचं फोल्डर उडवू नका, मेक अनइन्स्टॉल तिथूनच चालतं.

प्रश्नकर्ता: एलडीकॉन्फिगने चाललं. उबुंटूवर मात्र लिंक करतानाच 'अनडिफाइन्ड रेफरन्स'?

उत्तर १: कंपाइलच्या कमांडमधला क्रम बघा. आधी सोर्स फाइल, मग -एलजीएसएल, -एलजीएसएलसीब्लास, शेवटी -एलएम.