मदत हवी आहे: ताब्याच्या वादात कोर्टाने समुपदेशकांचा अहवाल मागवलाय, तयारी कशी करावी?

देवचाफा
बहिणीचा घटस्फोटाचा दावा पुण्याच्या कौटुंबिक न्यायालयात चालू आहे. भाची ७ वर्षांची, दुसरीत, आईजवळ आजोळी राहते. वडिलांनी तिच्या ताब्यासाठी अंतरिम (अंतिम निकालापर्यंतच्या व्यवस्थेचा) अर्ज केलाय. मागच्या तारखेला हुकूम झाला की समुपदेशकांनी दोन्ही घरी जावं, मुलीशी बोलावं आणि सहा आठवड्यांत अहवाल द्यावा. वकील म्हणतात, "खरं ते सांगा, तयारी काही लागत नाही." प्रश्न असे:
१. बरोबर काय न्यायचं?
२. मुलीला काय सांगायचं?
३. घरी न कळवता येतात का?
४. तिथे बोललेलं पुढे कोर्टात जातं का?

जुनी पेठ
चौथ्यापासून सुरू करतो, कारण बाकीचं त्यावर अवलंबून आहे. आधी हुकुमाची प्रमाणित नक्कल काढा आणि शब्द न् शब्द वाचा. समुपदेशकांची कामं दोन. एक, समेटाची बोलणी. ती गोपनीय असतात, त्यावर समुपदेशकांना साक्षीला बोलावता येत नाही. दुसरं काम म्हणजे ताबा ठरवायला मदत म्हणून घरचं वातावरण, आईवडिलांचे स्वभाव आणि मुलाशी असलेलं नातं यावर न्यायालयाला अहवाल देणं. तुमचा हुकूम या दुसऱ्या कामाचा दिसतो. इथे "मॅडम, हे आपल्यातच ठेवा" चालत नाही. बहुतेक गोंधळ इथेच होतो: समेटाच्या बैठकांची सवय झालेली माणसं अहवालाच्या बैठकीतही मन मोकळं करून येतात. पहिल्याच दिवशी सरळ विचारा, "आजची बैठक समेटासाठी की अहवालासाठी?" विचारण्यात काही गैर नाही.

हुकुमात कुटुंब न्यायालय अधिनियम, १९८४ च्या कलम १२ चा उल्लेख असेल, तर मानसोपचारतज्ज्ञ किंवा मानसशास्त्रज्ञही येऊ शकतात. त्या चाचण्यांचे प्रश्न नेटवर शोधून पाठ करू नका. स्वतःला फार चांगलं दाखवणारा ओळखू यावा अशी सोय मोठ्या व्यक्तिमत्त्व चाचण्यांत मुद्दाम केलेली असते. झोप काढून जा, चष्मा न्या, एवढीच त्याची तयारी.

आणि "लहान मूल म्हणजे आईकडेच" या भरवशावर राहू नका. १९५६ च्या हिंदू अज्ञानत्व व पालकत्व कायद्यात आईकडे साधारणपणे ताबा म्हटलंय तो पाच वर्षांखालच्या मुलाचा. भाची सात वर्षांची आहे. इथे त्याच कायद्याचं कलम १३ लागतं, मुलाचं हित सर्वात वर.

ओवी
कागदांबद्दल. फाइल एकच, २५-३० पानांची, वर अनुक्रमणिका. शाळेचं प्रगतिपुस्तक आणि हजेरी, फी कोणी भरली त्याच्या पावत्या, लसीकरणाचं कार्ड, डॉक्टरांची फाइल. ज्या दोन कागदांवर खरी मेहनत घ्यायची, ते कागद लोक सहसा करतच नाहीत.

पहिला, मुलीच्या आठवड्याचं वेळापत्रक. सकाळी कोण उठवतं, डबा कोण करतं, व्हॅनपाशी कोण सोडतं, चार ते सात ती कोणाजवळ असते, अभ्यास कोण घेतं, ताप आला तर रजा कोण टाकतं. खरं लिहा. आजी डबा करत असेल तर आजीचंच नाव लिहा. "सगळं मीच करते" लिहिलं आणि मुलीने "आजी करते" सांगितलं, की उरलेल्या फाइलवरचाही विश्वास जातो.

दुसरा, वडील आणि मुलीच्या भेटींचा तक्ता. तारीख, ठरलेली वेळ, प्रत्यक्ष वेळ, भेट झाली की नाही, नसेल तर कारण. पाच रकाने, एक पान, विशेषणं नकोत. आपल्यामुळे चुकलेल्या भेटीही त्यात हव्यात.

व्हॉट्सअ‍ॅपचे दोनशे स्क्रीनशॉट नेऊ नका. नेमके पाच-सहा निवडा, तारीख आणि नंबर दिसणारे. कागद परस्पर समुपदेशकांच्या हातात देऊ नका. वकिलांमार्फत यादीसह दाखल करा, प्रत समोरच्यांना द्या, एक संच जवळ ठेवा. नाहीतर नंतर त्यावर हरकत येते. मोबाइलमधला पुरावा म्हणून दाखल करायचा असेल तर भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३(४) चं प्रमाणपत्र (मजकूर कोणत्या उपकरणातून, कसा घेतला याचं) जोडा. कौटुंबिक न्यायालयाला पुराव्याच्या नियमांत सवलत आहे, पण वाद कशाला शिल्लक ठेवायचा?

बैठकीत असे प्रश्न येतात: वर्गशिक्षिकेचं नाव, जवळची मैत्रीण, शेवटचं आजारपण, कशाला घाबरते, राग आला की काय करते. आणि हमखास एक: "तिच्या वडिलांमधलं चांगलं काय?" त्यावर "काहीच नाही" हे सगळ्यात वाईट उत्तर.

ताकभात
मुलीबद्दल लिहिते. आदल्या संध्याकाळी एवढंच सांगा: "उद्या एक मावशी तुझ्याशी गप्पा मारणार आहेत. शाळा, घर, खेळ, असं काहीही. वाटेल ते सांग, माहीत नसेल तर माहीत नाही म्हण. काहीही बोललीस तरी कोणी रागावणार नाही." बस्स. "कोणाकडे राहायचं ते नीट सांग हं" हे वाक्य आजीच्याही तोंडून येता कामा नये. मूल समजतं असेल तर न्यायालय त्याची पसंती विचारात घेऊ शकतं, १८९० च्या पालक व पाल्य कायद्यात तशी तरतूद आहे. पण विचारात घेणं म्हणजे निर्णय मुलावर सोडणं नव्हे. ते ओझं तिच्या डोक्यावर नको.

पढवलेलं लगेच कळतं. सात वर्षांची मुलगी "पप्पा मला मानसिक त्रास देतात" म्हणाली, की पुढचा प्रश्न येतो, "मानसिक त्रास म्हणजे काय गं?" आणि मुलगी दाराकडे बघते. अहवालात तिचे शब्द आणि ते बघणं, दोन्ही येतं. भेटीहून आल्यावर तिची उलटतपासणी घेणं, ती मोबाइलवर रेकॉर्ड करणं याचाही परिणाम हाच. वारंवार विचारलं की मुलाचं उत्तर बदलत जातं. मग खरी तक्रार असली तरी ती कमकुवत होते.

परीक्षेच्या दिवसाची वेळ आली तर आधीच लेखी विनंती करून बदलून घ्या. जेवून न्या, चित्रकलेची वही द्या. बाहेर आल्यावर "काय विचारलं?" नाही, "भूक लागली का?"

जुनी पेठ
घरभेटीचं राहिलं. बहुतेकदा फोन करून येतात, पण नियम त्यांना पक्षकारांच्या घरी जायची मुभा देतात आणि आधी कळवलंच पाहिजे असं धरून चालू नका. नातेवाईक, ओळखीचे, नोकरीचं ठिकाण, इथेही ते चौकशी करू शकतात. बघतात साध्या गोष्टी: मुलगी झोपते कुठे, दप्तर कुठे ठेवते, खिडकीला जाळी आहे का, औषधं हाताला लागतील अशी आहेत का, घरात आणखी कोण राहतं. एका खोलीचं घर हा दोष नाही. किमतीचं लेबल न काढलेली नवी खेळणी मात्र डोळ्यांत भरतात. वडिलांनी दिलेली सायकल माळ्यावर टाकली असेल तर खाली काढा, मुलीला चालवू द्या. त्या दिवशी मामा-मावश्यांची फौज नको. आई, मुलगी आणि रोज घरात असणारी माणसं पुरेत.

देवचाफा
खूप उपयोग झाला. आणखी दोन अडचणी. बहिणीला वर्षभर नैराश्याच्या गोळ्या चालू आहेत, हे सांगायचं का? आणि पूर्वी मारहाणीची पोलिसांत एनसी (अदखलपात्र गुन्ह्याची नोंद) नोंदवली होती. भाचीच्या वडिलांच्या समोर बसून हे बोलायला बहीण तयार नाही.

ओवी
गोळ्या लपवू नका. समोरच्या बाजूला माहीत असणारच, आणि लपवलेलं उघडं पडलं की आजारापेक्षा लपवणं जड जातं. डॉक्टरांचं छोटं पत्र घ्या: निदान, औषध, नियमित येतात का, रोजची कामं आणि मुलीची देखभाल करू शकतात का. उपचार घेणं हे अपात्रतेचं कारण नाही, उपचार अर्ध्यात सोडणं प्रश्न उभे करतं.

जुनी पेठ
मारहाणीसाठी पहिल्या बैठकीआधीच वकिलांकरवी छोटा अर्ज द्या: एकत्र बैठक नको, वेळा वेगळ्या द्या, ये-जा एकाच वेळी नको. एनसीची प्रत आणि दवाखान्याचे कागद जोडा. बोलताना क्रम असा ठेवा: तारीख, काय झालं, मुलगी तेव्हा कुठे होती, तिने काय पाहिलं किंवा ऐकलं, नंतर तिच्या वागण्यात काय बदललं. "तो राक्षस आहे" यातून अहवाल लिहिणाऱ्याच्या हाती काही लागत नाही.

पण यासाठी चालू भेटी आपल्या मनाने बंद करू नका. धोका वाटत असेल तर न्यायालयाच्या आवारात किंवा समुपदेशकांच्या देखरेखीखाली भेट मागा. सर्वोच्च न्यायालयाने २०२० च्या एका निकालात ताबा नसलेल्या पालकाला रोज पाच-दहा मिनिटं मुलाशी बोलता यावं असं म्हटलंय. त्यामुळे फोन उचलला नाही, हीच तक्रार अहवालात पहिली दिसायची.

अहवाल दाखल झाला की प्रत मागा. तो न्यायाधीशांवर बंधनकारक नसतो, ते चेंबरमध्ये मुलीशी स्वतः बोलू शकतात. चूक असेल तर "एकतर्फी आहे" एवढंच न लिहिता, पान अमुक, वाक्य अमुक, त्याविरुद्ध कागद अमुक, अशी लेखी हरकत पुढच्या तारखेआधी द्या. तुमचा वेळापत्रकाचा कागद तिथे पुन्हा कामी येईल.