कोब्राची रेप्लिका घ्यावी की वापरलेली एस२०००? रिसेलचं काय?

क्लच_प्लेट:
मंडळी सल्ला हवाय. दोन सीटची, मॅन्युअल गिअरची, रिअर व्हील ड्राइव्ह गाडी घ्यायची एवढं पक्कं आहे, सुट्टीच्या दिवशी चालवायला. आता अडलोय दोन गाड्यांवर. एक शेल्बी कोब्राची रेप्लिका, फायबरग्लास बॉडी, आत फोर्डचं व्ही८, चालू केली की अंगावर काटा येतो. दुसरी होंडा एस२०००, पूर्ण स्टॉक, म्हणजे कंपनीतून आली तशीच, काही बदल नाही. किंमत दोन्हींची जवळपास सारखीच सांगतायत. घरचे म्हणतात नकली गाडीत पैसे घालू नकोस, उद्या कुत्रं विचारणार नाही. ओरिजिनल कोब्रा काय मला या जन्मात परवडणार नाही, त्यामुळे रेप्लिका घ्यायला मला कमीपणा वाटत नाही, पण काही वर्षांनी विकायला काढली तर खरंच एवढा फटका बसतो का?

जुना_कार्ब्युरेटर:
सगळ्या नकली गाड्यांना एकाच मापात मोजू नका. कोब्राची गोष्ट वेगळीये. १९६२ ते १९६७ मध्ये मूळ गाड्या बनल्या जेमतेम हजारभर, त्यामुळे रस्त्यावर जी कोब्रा दिसते ती बहुतेक रेप्लिकाच असते आणि घेणाऱ्यालाही ते माहीत असतं, कोणी कोणाला फसवत नाही. म्हणून तिचा स्वतःचा सेकंडहँड बाजार तयार झालाय. त्या बाजारात पहिला प्रश्न येतो, रेप्लिका कोणत्या कंपनीची आहे? सुपरफॉर्मन्सची असेल तर ती कारखान्यातून रंगासकट तयार येते, फक्त इंजिन आणि गिअरबॉक्स नंतर बसवतात, त्यामुळे एक गाडी दुसरीसारखी असते आणि भाव टिकतो. फॅक्टरी फाइव्हचं किट, म्हणजे सुट्या भागांचा संच असेल तर ते कोणीतरी आपल्या गॅरेजमध्ये जोडलेलं असतं, म्हणजे तुम्ही कंपनी नाही तर त्या माणसाचा हात विकत घेताय. काही जणांचा हात सोन्यासारखा असतो, काहींचा बघवत नाही. टॉर्च घेऊन डॅशबोर्डच्या खाली डोकं घाला. वायरी नीट बांधून, रंगवार, फ्यूजपर्यंत गेल्या असतील तर बाकीचं कामही बहुधा तसंच असतं, आणि नुसती टेप गुंडाळून लोंबत असतील तर तिथूनच परत फिरा, वरचा पेंट कितीही चमकत असू दे. मग पार्ट्सची बिलं, जोडतानाचे फोटो मागा. आणि रजिस्ट्रेशनच्या कागदावर मेक आणि वर्ष काय लिहिलंय ते आधी वाचा, तिथे घोळ असला तर विकताना गिऱ्हाईक तिथेच अडतं.

रेडलाइन९०००:
मी स्पष्ट सांगतो, एस२००० घ्या. १९९९ ला आली, २००९ ला बंद झाली, आता कितीही मागणी वाढली तरी नवीन बनणार नाही. सुरुवातीचं दोन लिटरचं इंजिन टर्बोशिवाय ९००० आरपीएमपर्यंत फिरतं, असं इंजिन आज कोण बनवतंय? रेप्लिकेचं उलट आहे, आज ऑर्डर दिली तर नवं किट मिळतं, मग जुन्याला जास्त पैसे कोणी का द्यावेत? फक्त स्टॉक म्हणतायत ना, ते तपासा. फेंडरचे, म्हणजे चाकावरच्या पत्र्याचे बोल्ट बघा, त्यांच्यावरचा रंग उडालेला असेल तर फेंडर कधीतरी निघालाय, गाडी ठोकलेली असू शकते. इंजिन थंड असताना पहिल्यावरून दुसऱ्यात टाकून बघा, खरखरला तर सिंक्रो (गिअर अलगद बसवणारा भाग) गेलाय, गिअरबॉक्स उघडावा लागेल.

डबल_डीक्लच:
वरच्या दोघांचंही पटतं, पण ज्या नकलीला खरंच हात लावू नये ती कुठली हे कोणी बोललं नाही. पॉन्टियाक फिएरो या साध्या अमेरिकन गाडीवर फेरारीची बॉडी चढवलेल्या गाड्या बघितल्यात ना? वर लाल रंग, घोड्याचा बॅज आणि खाली पॉन्टियाक. ना फेरारीवाला घेतो, ना फिएरोवाला. फेरारीने तर डेटोना स्पायडर आणि टेस्टारोसाच्या नकला बनवणाऱ्याला अमेरिकेत कोर्टात खेचलं आणि १९९१ मध्ये अपिलातही कंपनीच जिंकली, नुसत्या आकाराची नक्कलसुद्धा चालणार नाही म्हणून. त्याहून वाईट म्हणजे क्लोन, त्याच कंपनीची साधी गाडी महागड्या मॉडेलसारखी केलेली, जो ओरिजिनल सांगून विकतात. १९७३ ची पोर्शेची ९११ कॅरेरा आरएस १५८० च बनली, पण साध्या ९११ ला मागचा डकटेल स्पॉयलर लावून आरएस केलेल्या कितीतरी आहेत. क्लोन म्हणून विकली तर ती छान गाडी आहे, आरएस म्हणून विकली तर सरळ फसवणूक आहे आणि मला त्याचा मनापासून राग येतो.
आणि रेडलाइन भाऊ, कमी बनली म्हणून भाव वाढतच जाईल असं धरू नका. पोर्शेने २०१६ ला ९११ आर काढली, ९९१ गाड्या, मॅन्युअल, लोकांनी मूळ किमतीच्या कितीतरी पट मोजले. दुसऱ्याच वर्षी कंपनीने जीटी३ टूरिंग आणली, तीही मॅन्युअल, आणि ९११ आरचे भाव खाली आले. एस२००० सारखी होंडाने उद्या परत काढली तर?

रेडलाइन९०००:
काढली तरी आजच्या प्रदूषणाच्या नियमांत ते इंजिन बसणार नाही, टर्बो किंवा बॅटरी येणारच. म्हणून तर म्हणतोय.

क्लच_प्लेट:
सगळ्यांचे आभार. मालकाला फोन केला होता, कोब्रा किटचीच आहे, बिलांची फाइल आहे म्हणतो पण फोटो नाहीत. शनिवारी टॉर्च घेऊन जातो. वायरिंग आणि कागद दोन्ही ठीक निघाले तरच बोलणी करणार, नाहीतर एस२००० थंड इंजिनवर चालवून बघायची वेळ ठरवतो.