६,५०० च्या वर मिसिंग: सीडीआय, वेस्टेड स्पार्क की कॉइल-ऑन-प्लग?

चौथा_गिअर (गोरेगाव)
फक्त ट्रॅकसाठी बांधलेलं १.३ लिटर, चार सिलिंडर, ८ व्हॉल्व्हचं इंजिन. कॉम्प्रेशन १०.५, दोन ४० मिमी साइडड्राफ्ट कार्ब, लिमिट ७,५००. इग्निशन मात्र मूळचंच: पॉइंट, कंडेन्सर, एक कॉइल. ६,५०० पर्यंत मस्त ओढतं, पुढे मिसिंग, म्हणजे मधल्या ठिणग्या चुकून इंजिन अडखळतं. फुल थ्रॉटलला वाइडबँड (हवा-पेट्रोलचं प्रमाण दाखवणारा मीटर) १२.८ दाखवतो, मिसिंग सुरू झालं की १४ च्या पुढे जातो. प्लग, कॅप, वायर नव्या. काय लावू, आणि अॅडव्हान्स (पिस्टन वर पोचायच्या किती अंश आधी ठिणगी) किती?

डबल_बॅरल
मिसिंग चालू असतानाचा वाइडबँड धरू नका. न जळलेला ऑक्सिजन सायलेन्सरकडे जातो आणि मीटर उगाच लीन (पेट्रोल कमी) सांगतो. त्या आकड्यावरून जेट बदलत बसलात तर दिवस वाया.

आधी खात्री करा: प्लगचा गॅप ०.८ वरून ०.६ मिमी करा. मिसिंग ६,५०० वरून वर सरकलं, तर दोष ठिणगीचाच. कारण सरळ आहे. ७,००० ला मिनिटाला १४,००० ठिणग्या, म्हणजे दोन ठिणग्यांमध्ये ४.३ मिलिसेकंद. ड्वेल (पॉइंट मिटलेले राहून कॉइल भरते तो कोन) ५२ अंश धरला तर कॉइल भरायला त्यातले जेमतेम २.५ मिळतात, आणि साध्या कॉइलला ३ ते ४ लागतात. त्यात पॉइंटची स्प्रिंग मऊ असेल तर पॉइंट नीट मिटतच नाहीत.

स्वस्तातला उपाय सीडीआय, म्हणजे कपॅसिटरवर चालणारं इग्निशन. तो कपॅसिटर ४००-५०० व्होल्टला भरून क्षणात रिकामा करतो, त्यामुळे ड्वेलचा प्रश्नच संपतो. पॉइंट फक्त ट्रिगरला राहतात. कॉइल सीडीआयसाठी बनवलेलीच घ्या.

टॅपेट_कव्हर (कुर्ला)
सीडीआयने मिसिंग जाईल, पण डिस्ट्रिब्युटर तसाच राहील. बुश झिजला असेल तर टायमिंग दोन-तीन अंश इकडेतिकडे उडतं, आणि पावसाळ्यात कॅपमध्ये ओल धरून ट्रॅकिंग होतं (ठिणगी भलत्या वाटेने पळते) ते वेगळंच. शिवाय सीडीआयची ठिणगी जोरदार असली तरी फार थोडा वेळ टिकते, अर्ध्या थ्रॉटलच्या लीन मिक्स्चरला ती अपुरी पडते.

माझं मत वेस्टेड स्पार्क: एक कॉइल दोन सिलिंडरना एकदम ठिणगी देते, त्यातली एक वाया जाते. दोन दुहेरी कॉइल, क्रँक पुलीवर ३६ वजा १ दातांचं चाक (एक दात मुद्दाम गाळलेला), इग्निशनपुरता ईसीयू (इंजिनचा कॉम्प्युटर). प्रत्येक कॉइल फेरीत एकदाच पेटते, म्हणजे ७,००० ला ८.६ मिलिसेकंद मिळतात. कॉइल-ऑन-प्लगला (दर प्लगवर स्वतंत्र कॉइल) १७ मिळतील, पण सिक्वेन्शियल (प्रत्येक कॉइल फक्त आपल्या पाळीला) चालवायला कॅम सेन्सर लागतो. या इंजिनला त्याची गरज नाही.

सीएसटी रोडवर जुना कॉइलपॅक घेताना आत इग्नायटर (कॉइलचा करंट चालू-बंद करणारा स्विच) आहे का ते आधी बघा. इग्नायटर नसलेली कॉइल ईसीयूच्या लॉजिक आउटपुटला थेट जोडली तर तो आउटपुट गेलाच समजा. रेझिस्टर प्लग आणि सप्रेशन वायरच वापरा. नुसत्या तांब्याच्या वायरींनी सेन्सर गोंधळतो.

साइडड्राफ्टवर व्हॅक्युमचा सिग्नल थडथडतो. लोड थ्रॉटल पोझिशन सेन्सरवर घ्या.

डबल_बॅरल
झिजलेल्या बुशचा मुद्दा मान्य. बजेट असेल तर वेस्टेड स्पार्कच.

शून्य_अंश
अॅडव्हान्सच्या आधी खरा टीडीसी (पिस्टन सगळ्यात वर असतो तो बिंदू) शोधा. जुन्या पुलीची बाहेरची रिंग रबरावरून सरकते, तिच्या खुणेवर भरवसा नको. बॅटरी काढा, पहिल्या सिलिंडरच्या प्लगच्या भोकात पिस्टन स्टॉप बसवा, हाताने एकदा सुलट, एकदा उलट फिरवून दोन खुणा करा. त्यांचा मध्य म्हणजे टीडीसी.

सुरुवात एकूण २६ अंशांपासून. डायनोवर फुल थ्रॉटलला दोन-दोन अंश वाढवत जा, टॉर्क वाढायचा थांबला की दोन अंश मागे. अशा हेडला बहुधा ३० ते ३४ मध्ये उत्तर मिळतं. २,५०० ते ४,५०० मध्ये, जिथे सिलिंडर सगळ्यात जास्त भरतो, तिथे कमी ठेवा, नॉकिंग (मिक्स्चर आपोआप पेटून होणारी ठोकाठोक) तिथेच आधी येतं. मे महिन्यात पिटमध्ये उभी राहिलेली गाडी गरम हवा ओढते, म्हणून इनटेक ४५ अंशांच्या वर गेला की दोन अंश कमी करणारं करेक्शन भरा. पेट्रोल निदान ९५ ऑक्टेन. १०० टाकून टायमिंग तेच ठेवलं तर फायदा खिशाला नाही, इंजिनलाही नाही.

प्लग एक पायरी थंड, एनजीकेत ६ च्या जागी ७, गॅप ०.७. पोर्सिलेनवर मिरपुडीसारखे काळे किंवा चंदेरी ठिपके दिसले की ताबडतोब टायमिंग मागे घ्या. चंदेरी म्हणजे पिस्टनचं अॅल्युमिनियम.

चौथा_गिअर
०.६ गॅपला मिसिंग ७,००० वर सरकलं. वेस्टेड स्पार्कच करतो. जोडल्यावर टायमिंग लाइटवर काय तपासू?

शून्य_अंश
ईसीयूमध्ये टायमिंग १० वर लॉक करा. १,००० आणि ५,००० ला दिवा मारा. दोन्हीकडे १० च दिसले पाहिजेत. वर जाताना खूण सरकत असेल तर व्हीआर सेन्सरच्या (चाकाचे दात ओळखणारा चुंबकीय सेन्सर) दोन वायरी उलट्या आहेत, अदलाबदल करा. सेन्सर आणि दात यांच्यात ०.८ मिमीच्या आसपास गॅप, केबल शील्डेड (लॅमिंग्टन रोडला मीटरवर मिळते), शील्ड फक्त ईसीयूच्या टोकाला अर्थ. डायल असलेला लाइट वेस्टेड स्पार्कवर बऱ्याचदा चुकीचा आकडा देतो, तेव्हा डायल शून्यावर ठेवून पुलीवरच अंशांच्या खुणा करा.