मदत हवी आहे: क्रेस्टेड गेको खात नाही, सोलापूरचा उन्हाळा, काय करू?

शेंगाचटणी:

नमस्कार मंडळी. प्राणी माझा नाही, लेकाचा आहे. पुण्यात शिकत असताना त्याने एका पाळणाऱ्याकडून क्रेस्टेड गेकोचं (पालीचीच एक परदेशी जात) पिल्लू घेतलं. आता नोकरीसाठी तो परदेशी गेलाय आणि बाईसाहेब आमच्याकडे जुळे सोलापुरात मुक्कामाला आल्यात. नाव चिंगी. मादी आहे असं लेक म्हणतो. संक्रांतीच्या सुमारास आली तेव्हा झकास होती. रात्री दिवा मालवला की काचेवर चढायची, वाटीतलं खाणं सकाळपर्यंत निम्मं फस्त.

मार्चअखेरपासून खाणं कमी कमी होत गेलं आणि आता जवळपास बंद आहे. लेकाने वजनाची वही घालून दिली आहे. फेब्रुवारीत 41 ग्रॅम होती, काल 36 भरली. (काटा दागिने तोलायचा आहे, स्वयंपाकघरातल्या काट्यावर एवढासा फरक कळत नाही.)

काय दिसतंय ते सांगते. डोळे किंचित आत गेल्यासारखे वाटतात. कुशीची कातडी सैल पडली आहे. मागच्या पायाच्या दोन बोटांवर जुनी कात तशीच चिकटून आहे. शी फार थोडी होते, आणि तिच्यातला पांढरा भाग आता पिवळट आणि खडूसारखा कडक असतो. फवारा मारला की पानावरचं पाणी मात्र चाटते. जबडा, शेपटी सरळ आहे, चालते नीट.

खाणं तेच आहे, पाण्यात कालवायची तयार पावडर. रोज रात्री ताजी कालवते. बोटाने नाकाला थेंब लावला तर एकदा-दोनदा जीभ फिरवते आणि तोंड वळवते.

घर वरच्या मजल्यावर, वर थेट स्लॅब. तिच्या काचेच्या टाकीतला थर्मामीटर दुपारी कूलर चालू असताना 33-34 दाखवतो. दमटपणा 30 टक्क्यांच्या आसपास. फवाऱ्यानंतर चढतो आणि पंखा लागला की परत खाली.

इथल्या जनावरांच्या डॉक्टरांना दाखवलं. त्यांनी हातात घेऊन नीट पाहिलं आणि सांगितलं, "गाई-म्हशी, कुत्री-मांजरं बघतो. यातलं माझं शिक्षण नाही, अंदाजाने औषध देणार नाही." मला हे आवडलं. नाहीतर शेजारीपाजारी प्रत्येकाकडे औषध तयार आहे. खालच्या काकू म्हणतात पालीला ऊनच लागतं, सकाळी गच्चीत ठेवत जा. सासूबाई म्हणतात चमच्याने दूध पाजा.

प्रश्न दोनच. हे उन्हाळ्याचं आहे की आजारपण? आणि पुण्याला न्यायची म्हटलं तर या उन्हात तो प्रवासच तिला बाधणार नाही ना?

पाणकावळा:

ताई, गच्ची नको आणि दूध तर मुळीच नको. सरपटणाऱ्यांना दूध पचत नाही.

क्रेस्टेड गेको न्यू कॅलेडोनियाचा. प्रशांत महासागरातलं बेट, ऑस्ट्रेलियाच्या पूर्वेला. दमट झाडीतला प्राणी. 1866 साली त्याचं शास्त्रीय वर्णन झालं, पुढे तो नामशेष झाला असं धरून चालले होते आणि 1994 मध्ये पुन्हा सापडला. आज पाळले जाणारे जवळजवळ सगळे कैदेत जन्मलेल्यांचीच प्रजा. त्याला मानवतं ते 22 ते 26 अंश. 28 च्या वर गेलं की त्रास सुरू, आणि तिशीच्या वर दिवसेंदिवस राहिलं तर जिवावर बेततं. तुमच्याकडे 34 आहे. मला तरी आधी दुसरं काही शोधायची गरज वाटत नाही.

याचं शरीर स्वतःची उष्णता राखत नाही, खोली जेवढी तापेल तेवढं तेही तापतं. तापलं की पाणी उडतं, पचन बिघडतं, भूक जाते. आत गेलेले डोळे, सैल कातडी, कडक पिवळा पांढरा भाग, अडकलेली कात, हे सगळं पाणी कमी पडल्याचंच सांगतंय.

म्हणून क्रम असा ठेवा: आधी गारवा, मग पाणी, खाणं शेवटी. तापलेल्या, सुकलेल्या जिवाच्या पोटात जबरदस्तीने घातलेलं पचत नाही. तोंड उघडून तर कधीच भरवू नका, जबडा नाजूक असतो. आणि रात्रीचं तापमान किती असतं ते लिहा. माझ्या मते खरी गोष्ट तिथे आहे.

गेकोप्रेमी:

इतकं घाबरू नका. माझा गेको 32 अंशावर मजेत आहे, मी तर खालून हीट मॅट लावतो. आणि गेको महिनाभर न खाता राहू शकतो, शेपटीत चरबी साठवतो.

पाणकावळा:

दादा, तुमच्याकडे लेपर्ड गेको असणार. तो कोरड्या, खडकाळ प्रदेशातला, त्याला उबदार कोपरा लागतोच आणि त्याची जाड शेपटी म्हणजे शिदोरी. क्रेस्टेडच्या शेपटीत तसा साठा नसतो. शोधायला गेलं की निम्मे सल्ले लेपर्डचे निघतात आणि लोक ते क्रेस्टेडला लावतात. ताई, हीट मॅट विसरा.

कडक भाकरी:

मी पण सोलापूरचा, अशोक चौकाकडचा. माझ्याकडे पोपट नि मासे, पाल नाही. पण स्लॅबचं मी सांगू शकतो.

आपल्याकडे एप्रिल-मे मध्ये पारा 42-43 ला जातो तेव्हा स्लॅब दिवसभर ऊन पितो आणि रात्रभर खोलीत ओततो. बाहेर पहाटे बरं वाटतं, आत भट्टीच. दुपारी कूलर लावून उपयोग अर्धाच, कारण हा प्राणी रात्री जागा असतो, खायची वेळ तीच. काकू, रात्री दोन वाजता एकदा थर्मामीटर बघाच.

कोणाकडे जुनं माळवदाचं घर आहे का? पांढऱ्या मातीच्या जाड भिंती, वर मातीचा थर. भर मे महिन्यात आमच्या आजोळच्या माळवदाखाली दुपारी चादर घेऊन झोपलोय. तळमजल्यावरची अशी खोली मिळाली तर टाकी तिथेच हलवा. नसेल तर घरातली सगळ्यात खालची, उत्तरेकडची खोली.

कूलर आपल्याकडे चांगला चालतो कारण हवा कोरडी आहे, गारवाही देतो आणि दमटपणाही. पण थेट झोत टाकीवर नको, खिडकीची एक फट उघडी ठेवा. पावसाळा लागला की तोच कूलर निकामी, तेव्हाचा विचार आत्ताच करून ठेवा.

शेंगाचटणी:

रात्री दोन वाजता पाहिलं. 32. आम्ही माणसं पंख्याखाली घोरत होतो, कळलंच नाही.

दिरांचं जुनं घर गावठाणात आहे, माळवदाचं. आज संध्याकाळी टाकी तिकडे नेली. जाऊबाईंनी आधी नाक मुरडलं ("आयुष्यभर झाडूने हाकलली, आता पाहुणी म्हणून ठेवायची का?"), मग स्वतःच विचारलं, डोळे मिटत का नाही म्हणून. सांगितलं, पापण्याच नाहीत, जिभेने पुसते. त्यानंतर दर तासाला जाऊन बघत होत्या.

निवडुंग:

मादी आहे म्हणता, तर पोट हलकेच बघा. नर नसतानाही माद्या कधीकधी वांझ अंडी धरतात आणि त्या दिवसांत खाणं सोडतात. पोटाला दोन्ही बाजूंना लांबट गोळे जाणवतात का? अंडी असतील तर ओलसर कोकोपीटचा (नारळाच्या काथ्याचा भुसा) खोलगट डबा आत ठेवा, जागा मिळाली नाही तर अंडी अडकतात. तोंडात टाळूच्या दोन बाजूंना कॅल्शियमच्या पांढऱ्या पिशव्या असतात, त्या भरलेल्या दिसल्या तर चांगलं. पण त्यासाठी मुद्दाम तोंड उघडायला जाऊ नका, डॉक्टर बघतील.

आणि उचलताना जपून. भिंतीवरच्या पालीची शेपटी परत येते, क्रेस्टेडची एकदा गळली की गळली.

पाणकावळा:

पाण्यासाठी: झाकणाला भोकं पाडलेला प्लास्टिकचा डबा, आत ओला करून पिळलेला टिश्यू, त्यात पंधरा-वीस मिनिटं, डबा सावलीत. पाणी साधं, गरम नाही. तेवढ्यात बोटांची कात मऊ होते, मग ओल्या इअरबडने हलके चोळा. ओढू नका. बोटाला कात आवळून राहिली तर रक्त पोचत नाही आणि बोट झडतं.

टाकीत संध्याकाळी आणि रात्री उशिरा फवारा, मधल्या वेळात वाळू द्या. चोवीस तास ओलं ठेवलं तर बुरशी.

अंगणातले किडे, नाकतोडे घालू नका, कोणी कुठे काय फवारलंय सांगता येत नाही. वजन दर तीन-चार दिवसांनी, रोज नाही. दहा टक्क्यांवर घट झाली की डॉक्टर गाठायचा असतो आणि तुमची घट त्याहून जास्त आहे. म्हणजे पुणे टळत नाही, फक्त आधी दोन-तीन रात्री गार होऊ दे. सरपटणारे प्राणी बघणारे डॉक्टर आहेत ना, हे फोनवर विचारूनच निघा. ताजी शी मिळाली तर बंद डबीत फ्रिजमध्ये ठेवून न्या, बर्फाच्या कप्प्यात नाही.

प्रवास पहाटे करा. थर्मोकोलच्या खोक्याला भोकं, आत तिचा डबा, कडेला गोठवलेली पाण्याची बाटली फडक्यात गुंडाळून, डब्याला टेकणार नाही अशी. गाडी उन्हात उभी करून चहाला उतरलात तर सगळं पाण्यात.

शेंगाचटणी:

जाऊन आलो. पहाटे चारला निघालो, एसी लावून. भिगवणला चहा घेतला तोही आळीपाळीने, एक जण गाडीतच.

डॉक्टरांनी तपासलं. अंडी नाहीत. शीमध्ये जंत सापडले नाहीत. तोंडात सूज किंवा पू नाही, हाडं ठीक. पाणी बरंच कमी झालंय म्हणून कातडीखाली सलाईन दिलं आणि एका बोटाची कात तिथेच काढली. औषध काही नाही. तापमान खाली ठेवा, पंधरवड्याने वजन कळवा, घट थांबली नाही तर रक्त तपासू, असं म्हणाले. "सोलापूर, नगर, लातूरकडून या दिवसांत अशीच जनावरं येतात," हेही म्हणाले.

माळवदाखाली रात्री 27 असतं, पहाटे 26. काल सकाळी वाटीत जिभेचे ओरखडे होते, खाणं थोडं कमी झालेलं, आणि शीचा पांढरा भाग मऊ. वजन अजून 36 च आहे, पण घसरलं नाही.

आता एक अडचण. गावठाणात दुपारी वीज जाते, कधी दोन तास. तेवढ्यात खोली 30 वर जाते. काय करता येईल?

कडक भाकरी:

दारं-खिडक्या सकाळी नऊच्या आत बंद करा, संध्याकाळी ऊन उतरल्यावर उघडा. दाराला ओलं पोतं टांगा, वाळ्याचा पडदा मिळाला तर उत्तम. टाकीच्या जाळीच्या झाकणावर अर्ध्या भागात ओलं सुती फडकं, अर्धं मोकळं, हवा चालली पाहिजे. फार तापलं तर गोठवलेली बाटली टाकीच्या बाहेर, एका बाजूला टेकवून ठेवा, म्हणजे तिला नको वाटलं तर दुसऱ्या बाजूला सरकेल.

निवडुंग:

आणि वाटी दुपारी आत ठेवू नका, या उन्हात कालवलेलं आंबतं. रात्री ठेवा, सकाळी काढा. बाटल्या दोन करा, एक फ्रीजरमध्ये, एक वापरात.

शेंगाचटणी:

बाटल्या भरायला लावल्या. पोतं जाऊबाईंनी आधीच टांगलंय. वजन पंधरवड्याने इथेच लिहीन. कोणी सोलापुरात रातकिडे पैदास करत असेल तर व्यनि (खाजगी निरोप) करा, पावडरीसोबत अधूनमधून तेही द्या असं डॉक्टर म्हणालेत.