मदत हवी आहे: आत्यासाठी वृद्धाश्रम बघतोय, काय काय तपासू? (जळगाव/धुळे)

नमस्कार मंडळी,

माझ्या आत्या चोपड्याला एकट्याच राहतात. वय 78, शुगर आहे, हल्ली चालताना तोलही जातो. मूलबाळ नाही, मी नोकरीसाठी पुण्यात. त्यांच्याच संमतीने जळगाव-धुळ्याकडे पैसे भरून राहता येईल असा आश्रम शोधतोय.

एक जागा पाहिली. माणसं बोलायला चांगली, स्वयंपाकघर स्वच्छ. पण सगळ्यांच्या गोळ्या एकाच डब्यात, पाकिटांवर कुणाचं नाव नाही. आत्यांची इन्सुलिन दुसऱ्याला गेली तर? न्हाणीघरात गुळगुळीत फरशी, धरायला दांडी नाही. वरच्या खोल्या पत्र्याच्या, आणि मे महिन्यात आपल्याकडे पारा 45 च्या घरात जातो! रात्री जिन्याच्या दाराला कुलूप, किल्ली वॉचमनकडे. आग लागली तर माणसं बाहेर कशी काढणार, असं विचारलं तर नुसतं हसले.

2007 च्या ज्येष्ठ नागरिक कायद्यात सरकारी वृद्धाश्रमांची तरतूद आहे, पण ती निराधारांसाठी. 14567 ही ज्येष्ठांची हेल्पलाइन आहे, तिथेही विचारणार आहे.

तुमच्यापैकी कुणी आई-वडिलांना ठेवलं असेल तर सांगा: नोंदणीचा कोणता कागद मागायचा? रात्री किती माणसांमागे एक सेविका असावी? डॉक्टर खरंच येतात का, हे कसं पडताळलं? समाजकल्याण कार्यालयात तक्रार करून कुणाला उपयोग झालाय का? चांगली जागा माहीत असेल तर कृपया मेसेज करा, उन्हाळ्याआधी ठरवायचंय.