मदत हवी आहे: घाट उतरताना इलेक्ट्रिक बसची बॅटरी किती भरते?
नमस्कार मंडळी. लेक दहावीत आहे, विज्ञान प्रदर्शनासाठी इलेक्ट्रिक बसचं मॉडेल करतेय. १ जून २०२२ ला पुणे-नगर मार्गावर एसटीची पहिली ‘शिवाई’ धावली, तेव्हापासून तिला या गाड्यांचं भारी वेड!

बोरघाट उतरताना मोटारच जनरेटर होते, वेग आवरला जातो आणि वीज बॅटरीत परत जाते, इथपर्यंत तिला समजलंय. पण घाटमाथ्यावर बॅटरी आधीच फुल असेल तर ती वीज जाते कुठे? सगळा भार साध्या ब्रेकवर येतो का?

डेपोत काम करणारं कोणी आहे का इथे? आणि उतारावर डॅशबोर्डवरचे टक्के चढताना पाहिलेले ड्रायव्हरदादा भेटले तर फारच उत्तम. किती चढतात, तेवढं नक्की सांगा.